डावीकडचं वळण

रविवार, २ नोव्हेंबर

पाचला हॉलवर, कुसुमला घेऊन. वेळेवर फक्त आम्ही दोघी. बाकीचे वीस मिनिटं उशिरा आणि वर हसत आले.

शिकवणारी रेवती. माझी जुनी विद्यार्थिनी, दहावी ब. आता फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिकताना टँगो शिकली, आता इथं दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये रविवार-बुधवार शिकवते. माझ्या कवायतीच्या तासाला हिचा डावा-उजवा नेहमी चुकायचा. आज ती मला पाय कुठं ठेवायचा ते सांगत होती, आणि बरोबर सांगत होती.

कुसुम, माझी धाकटी जाऊ, दसऱ्यापासून आमच्याकडं आहे. भावजी गेल्यापासून गावी, माकणीला, एकटीच असते. गोठ्यात वैरणीची पेंढी घेऊन वळली, भोवळ आली, पडली. मनगट मोडलं. ते जुळलं. कानाच्या डॉक्टरांनी झोपवून, मान तिरकी करून काय ते उपचार केले, गरगरणंही गेलं म्हणाले. पण तिचं वळणं गेलं. सरळ चालते, वळायचं झालं की आधी भिंत शोधते. रेवती म्हणाली होती, काकूंना आणा. या नाचात चालणं आणि वळणं, दोनच गोष्टी आहेत.

कुसुमला नाच आहे असंच सांगितलं. "या वयात? बरं," म्हणाली आणि पदर खोचला.

आज नुसतं चालणं. पेटीसारखं काहीतरी वाजतं, त्या तालावर हॉलभर. नवे सगळेजण न सांगता एकाच बाजूनं निघाले, प्रदक्षिणा घातल्यासारखे. रेवतीनं थांबवलं. टँगोत सगळा हॉल उलट्या बाजूनं फिरतो म्हणे, जगभर.

कुसुम तिथंच उभी. "देवाला उलटी प्रदक्षिणा न्हाय घालत, बाय."

"काकू, मधे देव नाही, पंखा आहे."

वर बघितलं, खात्री केली, मग चालली.


बुधवार, ५ नोव्हेंबर

पिव्हट. सगळं वजन एका पायावर, दुसरा पाय जवळ, घोट्याला घोटा, टाच किंचित उचललेली, आणि जागच्या जागी फिरायचं. फरशी धरून ठेवते म्हणून रेवती कॅरमची पावडर टाकते. पायात मोजे.

मी उंच, म्हणून मी लीडर. कुसुम माझ्या सांगण्यानं वळणार. मी तिचे दंड धरले आणि वळवली.

रेवती: "बाई, हातानं नाही. कपाट सरकवताय तुम्ही."

मग कशानं?

"आधी तुमची छाती वळू दे. काकू तिथून ऐकतील."

एका शिट्टीत दोनशे मुली वळवलेली बाई मी. आज एक कुसुम वळेना.

दुसरी अडचण. वळताना पावलं जवळ येतात, पायाला पाय लागतो. लागला की कुसुम हात सोडते, वाकते, माझ्या पावलाला हात लावून नमस्कार करते, पुन्हा उभी राहते. थोरल्या जावेला पाय लागला! अकरा वेळा. गाणं संपलं तरी आमचं एकही वळण पुरं नाही.


शनिवार, ८ नोव्हेंबर

जेवणाचं टेबल भिंतीला लावून घरी सराव. हे पेपरामागून: "फुगडी झाली असेल तर चहा टाका."

"तुम्हीच टाका," म्हटलं.

यांनी टाकला. साखर विसरले. कुसुम थोरल्या दिरासमोर कधी हसत नाही. आज पदर तोंडाला लावून हसली. महिन्यात पहिल्यांदा.


रविवार, ९ नोव्हेंबर

आज कळलं एक.

ओचो म्हणजे आठ. कुसुमनं जमिनीवर पावलांनी आठाचा आकडा काढायचा, मी तो काढवायचा. एक पाऊल, पिव्हट, दुसरं पाऊल, पिव्हट. मी घाई करते. तिचं वजन अजून दोन पायांत वाटलेलं असताना मी पुढचं वळण मागते. दोन पायांवर उभं असलेलं माणूस फिरत नाही, नुसतं पिळलं जातं.

थांबले. तिचे घोटे जुळेपर्यंत थांबले. मग नुसती छाती वळवली, हात जिथल्या तिथं. आणि ती वळली. आधी खांदे, मग कंबर, मग पाऊल, विहिरीच्या रहाटासारखी एका सुरात. उजवीकडं. भिंत शोधली नाही.

बावन्न किलोची बाई, अठ्ठावन्न वर्षांची, चौथी शिकलेली, आयुष्यात गाण्यावर पाय हलवलेला नाही. चौथ्या दिवशी हे. बँकेतलं जोडपं दोन महिन्यांपासून येतंय, त्यांचा आठ अजून शून्यासारखा दिसतो.

तिला शाबासकी दिली नाही. द्यायला हवी होती.


बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी नितीनचा फोन. कुसुमचा एकुलता एक. पुण्यात नोकरी, दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको चांगली. त्याचं म्हणणं: आईनं आता पुण्याला यावं. शेत बटईनं, वाट्यानं द्यायचं, म्हैस विकायची, माकणीच्या घराला कुलूप. वेळ अमावस्येला शेतातल्या पूजेसाठी येतो, तेव्हाच घेऊन जातो.

"मोठीआई, तिनं फोन उचलला नाही की मी काम सोडून पुन्हा पुन्हा लावत बसतो. मागच्या वेळी तासभर गोठ्यात पडून होती. कुणाला पत्ता नाही."

 खरंच आहे.

"ती म्हणते बरी आहे. ती तर तेव्हापण तेच म्हणत होती. तुम्ही रोज बघताय. तुम्ही खरं सांगा, मी तसं करतो. ती एकटी राहू शकते म्हणालात तर राहू दे."

सांगेन म्हटलं.

कुसुमला सगळं सांगितलं. भाकरी थापत होती. थापतच राहिली. तवा धुरावला तेव्हा म्हणाली, "पुण्यात म्या काय करू अक्का? दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार."


रविवार, १६ नोव्हेंबर

दिशा बदलणं. जोडी पुढं जात असते, लीडरनं मधेच थांबायचं, वजन बदलायचं, आणि सगळं दुसऱ्या बाजूला न्यायचं. गर्दीच्या हॉलमध्ये समोर कुणी आलं तर असंच करतात. रेवतीनं मला धरून एकदा करून दाखवलं. ही पोरगी थांबते कधी आणि निघते कधी ते कळतच नाही; तुम्हाला वाटतं आपणच ठरवलं. मी तिला दहावीत वर्गाबाहेर उभं केलं होतं. आठवण काढली तर म्हणाली, "दोनदा, बाई."

उजवीकडं कुसुम सुरेख. डावीकडं नेलं की पाय लागतो, नमस्कार. आता वाकत नाही, नुसता हात छातीला लावते. तरी थांबणं आलंच.

घरी नियम केला. हॉलमध्ये मी थोरली जाऊ नाही. नमस्कार बंद. पाय लागला तर लागू दे.

"व्हय," म्हणाली.


बुधवार, १९ नोव्हेंबर

नियम पाळला नाही. सहा वेळा.

रागावले. लोकांसमोर. नको होतं.


रविवार, २३ नोव्हेंबर

आज रेवतीनं पावडर जरा जास्त टाकली होती. आम्ही कोपऱ्यात, डावीकडचं वळण. कुसुम थांबली, हात छातीला. "पाय लागला, अक्का."

खाली बघितलं. पावडरीत माझ्या पावलाचा ठसा जसाच्या तसा. तिचा ठसा वीतभर लांब. मधली पावडर कुणी मोडलेली नाही.

वर बघितलं. वरच्या ओठावर घाम. डोळे मिटलेले. बोटं माझ्या बाहीत रुतलेली. सोडली असती तर पडली असती.

तशीच धरून उभी राहिले. गाणं संपेपर्यंत. लोकांना वाटलं असेल सराव चाललाय.

घरी येऊन विचारलं, कधीपासून?

"पैल्या दिवसापासून. उजवीकडं कायबी होत न्हाय. डावीकडं घर फिरायलंय. थांबलं की जातंय."

मग सांगितलं का नाही?

"तुमी खोटं बोलत न्हाय, अक्का. तुमाला सांगितलं म्हंजी नितीनला कळलं."

आधी खरंच पाय लागत होते. मग तिला सापडलं, की नमस्कार केला की थांबता येतं आणि कुणी का विचारत नाही. तीन आठवडे मला, तपासणीत बुटाची एक सुटलेली नाडी शोधणाऱ्या बाईला, तिनं माझ्याच पायाशी फसवलं. राग यायला हवा. आला नाही. चक्कर आलेली असताना इतकं सरळ उभं राहायचं, चेहरा तसाच ठेवायचा, आणि वर रीतही सांभाळायची. हे मला जमलं नसतं.

पण अमावस्येला मी काय सांगणार?


सोमवार, २४ नोव्हेंबर

रेवतीला सांगितलं. कुसुमला आधी विचारून. "सांगा, डॉक्टरच हाय ती," म्हणाली.

रेवतीनं कुसुमला तपासायला बोलावलं. कानाच्या डॉक्टरांकडंही पुन्हा पाठवलं.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं आहे. थोडं राहिलंय. हळूहळू जाईल, कदाचित थोडं कायमचं राहील. हालचाल चालू ठेवा.

"म्हंजी व्हय का न्हाय?" कुसुमनं बाहेर येऊन विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.


रविवार, ३० नोव्हेंबर

रेवतीनं अदलाबदल केली. आता कुसुम लीडर.

"का गं?" मी.

"बसमध्ये तुम्हाला मळमळतं, ड्रायव्हरला मळमळतं का? वळण कधी यायचं ते काकूंना आधी माहीत असू दे."

कुसुम मला हात लावायलाच तयार नाही. थोरल्या जावेला कसं फिरवायचं! शेवटी रेवती म्हणाली, "काकू, तुम्ही नाही फिरवलं तर बाई मला फिरवतील." तेव्हा धरलं.

पहिल्या फेरीतच मी चुकले.

"अक्का, म्या सांगितलंच न्हाय. तुमी आदीच वळालात."

पुन्हा.

"आताबी आदीच."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांना थांबायला शिकवलं, आणि मला थांबता येत नाही. ती काही करत नव्हती. उभी होती. मी तिच्या मनातलं ओळखून तिच्याआधी पोचत होते. चौथ्या वेळी डोळे मिटले. मग कुठं तिची छाती वळलेली कळली, मोठ्या दाराची बिजागरी हलावी तशी, जराशी, पण ठाम. मी वळले. टाच उचलली गेली कधी ते कळलं नाही.

हातानं काहीच नाही. माझ्या दंडावर तिची बोटं होती की नव्हती.

कुणी शिकवलं विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "औतावर काय वेगळं करतात? कासरा वढला की बैलाची मान वळती, बैल न्हाय. आपण वळलं की त्यो वळतो." भावजी आजारी होते ती दोन वर्षं औत हिनं धरलं होतं. मला माहीत होतं. बघायला मी कधी गेले नव्हते.


बुधवार, ३ डिसेंबर

कु. लीडर. उ. वळणं आठ, डा. दोन. डावीकडं तोल गेला नाही. थांबली, पाय जुळवले, मग वळवलं. माझ्या शाळेच्या भाषेत: थांब, जुळव, वळ. तिला शिट्टी लागत नाही.


रविवार, ७ डिसेंबर

वाईट दिवस. डावीकडं पहिल्याच वळणाला खुर्ची मागितली. पाणी. चेहरा चुन्यासारखा. बँकेतल्या बाईंनी कांदा आणायचा सल्ला दिला. त्यांना पंखा बंद करायला पाठवलं.

परत येताना रिक्षा केली. उतरताना: "हे सांगणार का?"

"हो."

"बरं."


बुधवार, १० डिसेंबर

तिला वाटलं मी न्यायची नाही. साडेचारला चप्पल घालून दारात उभी राहिले. आली.

डा. तीन. तिन्ही पुरी. तिसऱ्याला चक्कर आली होती, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. तिनं गाण्याच्या दोन ओळी जाऊ दिल्या, पाय जुळवून उभी राहिली, आणि मग वळवलं. तोवर मला एका पायावर असं ठेवलं होतं की मलाही पडता येऊ नये. स्वतःचं घर फिरत असताना दुसऱ्याचा तोल सांभाळला.

रेवतीनं टाळी वाजवली नाही. गाणं पुन्हा लावलं. ही पोरगी शिक्षिका आहे.


रविवार, १४ डिसेंबर

मनात हिशेब. "एकटी राहू शकते" म्हटलं की झालं. नितीन माझा शब्द मानतो. अर्धंच सांगायचं, उजवीकडचं. तेही खोटं नाही.

ते खोटंच आहे. मुलींच्या उत्तरपत्रिकेत मी असल्या उत्तराला शून्य दिलंय.


बुधवार, १७ डिसेंबर

नितीन दोन दिवस आधीच आला, दुपारी. आईसाठी स्वेटर. "क्लासला मीपण येतो," म्हणाला. भिंतीशी खुर्चीवर बसला, फोन खिशात ठेवून. तेवढं मला आवडलं.

कुसुमनं लीड केलं. मुलासमोर पदर दोनदा सारखा केला, तिसऱ्यांदा सोडून दिला. डावीकडं चार. दुसऱ्याला थांबावं लागलं. नितीन खुर्चीवरून अर्धा उठला. रेवतीनं हातानं बसवला. कुसुमनं त्याच्याकडं बघितलं नाही. वळवलं.

गाणं संपल्यावर तो माझ्याकडं आला. कुसुम तिथंच, मोजे काढत.

"मोठीआई?"

सगळं सांगितलं. उजवीकडं काही नाही. डावीकडं अजून चक्कर येते. नमस्काराचं सांगितलं, सातव्या तारखेची खुर्ची सांगितली. आता आली की ती ओळखते, थांबते, धरते, मग वळते. हॉलमध्ये. गोठ्यात वैरण घेऊन, म्हैस ओढत असताना काय होईल, ते मी बघितलेलं नाही.

"म्हणजे पडेल?"

"मला माहीत नाही."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य एकदाही म्हटलं नसेल.

कुसुम मोज्यांची घडी करत म्हणाली, "नित्या, पडायचं असंल तर पुण्यातबी फरशीच हाय."

"आई, तिथं मी असतो."

"नऊला जातोस, आठला येतोस. मधी फरशीच."

त्याला हसू आलं, आणि मग डोळे भरले. तोंड वळवून गाडीची किल्ली शोधत बसला. किल्ली हातातच होती.


शुक्रवार, १९ डिसेंबर

वेळ अमावस्या. सकाळी सगळे नितीनच्या गाडीनं माकणीला. ज्वारी कमरेच्या वर. शेतात पूजेची कडब्याची कोप, म्हणजे खोपटी; जेवायला मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. कुसुमची म्हैस सांभाळणारी शेजारीण सारखी विचारते, आता राहणार ना. कुसुम म्हणते, खा आधी.

पूजेला कोपीभोवती फिरताना वाट उजव्या हाताची, तिला सोपी. आंबील शिंपडत शेतातून गेली तेव्हा मात्र वळणं दोन्ही बाजूंनी, खाली ढेकळं. मी आणि नितीन दोघंही बांधावर. मी मोजत नव्हते. तो मोजत होता बहुतेक, ओठ हलत होते. एकदा ज्वारीत ती दिसेनाशी झाली. त्यानं पाऊल टाकलं, मी दंड धरला. म्हटलं, थांब. तिला वेळ घेऊ दे. थोड्या वेळानं पलीकडच्या ओळीतून बाहेर आली. मधे थांबली होती की नाही, आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

जेवणं झाल्यावर मायलेकं बांधावर बसली, पाय सोडून. बराच वेळ. तो बोलत होता, ती पण. एकदा तो हातवारे करत उठला, पुन्हा बसला. मी भांडी घासली.

चारच्या बसनं मी आणि हे परत निघालो. नितीन म्हणाला, मी दोन दिवस इथंच राहतो. काय ठरलं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निघताना कुसुम फाट्यापर्यंत आली. पाया पडायला वाकली, मी वाकू दिलं नाही. म्हटलं, "छान शिकवलंस मला."

"तुमीच नेलं की, अक्का."

बसच्या खिडकीतून बघितलं. वळून घराकडं निघाली होती. कुठल्या बाजूनं वळली ते बघायचं राहून गेलं.


शनिवार, २० डिसेंबर

सकाळी माकणीहून फोन नाही. मी केला नाही; आता आधी तिनं सांगायचं. हे दोनदा म्हणाले, करा की. नाही.

दुपारी रेवतीचा निरोप: "बाई, उद्या काकू येणार का? नाहीतर तुमच्यासाठी दुसरी जोडीदार बघते, एक शिक्षिका विचारत होत्या."

कळवलं: त्यांना आणखी कुणाबरोबर तरी उभं कर. मी येते पाचला, कुसुम आली नाही तर एकटीच चालेन.